कंपवाताच्या रुग्णाची रात्र : झोपेची गोळी मागण्यापूर्वी काय पाहावे

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णाला झोप लागत नाही म्हणून नातेवाईक बहुधा झोपेची गोळी मागतात; परंतु या आजारात झोप मोडण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो, म्हणून आधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवावी. जाग किती वाजता व कशामुळे आली, तेव्हा अंग ताठ होते का, लेव्होडोपा या कंपवातावरील मुख्य औषधाची शेवटची गोळी केव्हा घेतली होती आणि दिवसा डुलक्या किती लागल्या, एवढे लिहिले तरी डॉक्टरांना दिशा मिळते.

रुग्ण, विशेषतः उत्तररात्री, झोपेतच ओरडत असेल, हात झाडत किंवा लाथा मारत असेल आणि जागे केल्यावर कोणी पाठलाग करत असल्याचे स्वप्न सांगत असेल, तर आरईएम स्लीप बिहेविअर डिसऑर्डरची, म्हणजे स्वप्नांच्या झोपेतील वर्तनविकाराची, शंका घ्यावी. एरवी स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू शिथिल ठेवतो. ती व्यवस्था बिघडली की स्वप्नातील हालचाल प्रत्यक्षात होते. अमेरिकेतील शेंक आणि महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. काही जणांत तो कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीच दिसतो. शेजारी झोपलेल्या पत्नीला बसलेला फटका रागाचा नसतो, हे घरात मोकळेपणाने बोलले गेलेच पाहिजे, कारण न बोलल्याने दोघेही मनातून खचतात.

अशा वेळी पलंग ठेंगणा करावा किंवा गादी जमिनीवर घालावी, टोकदार टेबल व काचेच्या वस्तू दूर ठेवाव्यात आणि गरज भासल्यास काही काळ अंथरुणे वेगळी करावीत. मोबाइलवर केलेले चित्रण डॉक्टरांना दाखवावे. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारातही अशाच हालचाली दिसू शकतात, म्हणून रात्रभराची निद्रातपासणी करावी लागते. उपचारात मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात. मात्र क्लोनाझेपामने तोल जाणे, गोंधळ आणि श्वासाचा अडथळा वाढू शकतो, त्यामुळे घरात उरलेली जुनी गोळी कधीही देऊ नये. नैराश्यावरील काही औषधांनीही हा त्रास बळावतो. तरीही ती परस्पर बंद करू नयेत.

कूस बदलता येत नसेल, तर रात्री औषधाचा अंमल उतरत असण्याची शक्यता असते. कमरेखाली गुळगुळीत सॅटिनचे कापड घालावे, जड रजई टाळावी आणि रात्रीच्या मात्रेविषयी डॉक्टरांना विचारावे. पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातील फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारा घटक, तपासून घ्यावे. लघवीसाठी वारंवार उठावे लागत असल्यास पाणी दिवसा पुरेसे प्यावे आणि संध्याकाळनंतर कमी करावे; उठताना रक्तदाब घसरून रुग्ण पडू शकतो, म्हणून आधी पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसवावे.

सेलेजिलीन आणि अमँटाडीन या कंपवातावरील औषधांनी झोप उडू शकते, त्यामुळे त्यांच्या वेळा दिवसा लवकरच्या ठेवता येतील का, हे विचारावे. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही कंपवातावरील औषधे घेणाऱ्याला दिवसा अचानक झोप लागत असेल, तर त्याने त्याच दिवसापासून वाहन चालवणे थांबवावे व डॉक्टरांना कळवावे, पण गोळी एकाएकी सोडू नये.

याच वहीत सांभाळणाऱ्याची झोपही लिहावी, आणि ती सलग मोडत असेल तर आठवड्यातील काही रात्री घरातील दुसऱ्या कोणीतरी रुग्णाजवळ झोपण्याची व्यवस्था करावी.