गाडी स्लोला पेट्रोल जास्त ओढतीय? स्क्रू फिरवायच्या आधी हे बघा

आधी एकच विनंती, कार्बोरेटरच्या (इंजिनला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग) बाजूला जो छोटा पितळी स्क्रू, म्हणजे मिक्स्चरचा स्क्रू, दिसतो त्याला लगेच हात लावू नका. जुनी गाडी स्लोला, म्हणजे रेस न देता उभी चालू असताना, घुसमटायला लागली, सायलेन्सरमधनं वास यायला लागला की पहिला हात तिथंच जातो. मेकॅनिकचा पण आणि आपला पण. आणि मग मूळ दुखणं राहतं बाजूला, सेटिंग मात्र बिघडतं.

आमच्या पप्पांची २००१ ची स्प्लेंडर आहे, एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंग, अजून रोज चालते. दोन वर्षांपूर्वी ती सिग्नलला उभी राहिली की घुम-घुम करत बंद पडायची, प्लग दर पंधरा दिवसाला काळा, ॲव्हरेज तर विचारू नका. तीन ठिकाणी दाखवली, तिन्हीकडं स्क्रू फिरवून दिला, दोन दिवस बरी चालायची आणि परत तेच. शेवटी मी स्वतः कार्बोरेटर खोलला तेव्हा कळलं की कुणीतरी कधीतरी स्लो जेट (स्लोला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) साफ करताना त्यात तार घातली होती. जेट उजेडाकडं धरून बघितला तर भोक गोल नव्हतं, एका बाजूला खाल्लेलं. त्याच नंबरचा नवा जेट टाकला आणि गाडी शांत झाली. तेव्हापासनं गल्लीतल्या बऱ्याच गाड्या बघितल्या, आरएक्स १००, बुलेट, सीडी १००, म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

या दुखण्याला रिच म्हणतात. रिच म्हणजे काय तर हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, स्लोला गाडीला यापेक्षा थोडं जास्त पेट्रोल चालतं, पण फार झालं की ते न जळता काजळी होऊन प्लगवर बसतं नाहीतर सायलेन्सरमधनं बाहेर जातं. आणि एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, रेस बंद असताना मेन जेटचा (जास्त रेसला पेट्रोल देणारा मोठा जेट) काहीही संबंध नसतो. स्लोचं सगळं काम स्लो जेट, त्याची हवेची वाट आणि तो स्क्रू एवढ्यावरच चालतं, रेस थोडी उघडेपर्यंत हेच. त्यामुळं स्लोची तक्रार असताना कोण मेन जेट बदलायला सांगत असेल तर नको म्हणा.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. सकाळी थंड गाडी चोक न ओढता एका किकला चालू होते (लोक याला गाडी चांगली असल्याचं लक्षण समजतात, पण थंडीच्या दिवसात चोक लागत नसेल तर शंका घ्या), पण गरम झाल्यावर बंद केली आणि पाच मिनिटांनी किक मारली तर दहा-बारा किका लागतात, रेस पूर्ण उघडी धरून मारावं लागतं. स्लोला आवाज एकसारखा नसतो, वर-खाली होतो. मागं उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. रेस देऊन सोडली की आरपीएम नेहमीच्या स्लोच्या पण खाली बुडतो आणि मग सावरतो, कधी सावरत नाही आणि बंद पडते. याच्या उलट रेस सोडल्यावर आवाज वरच लटकून राहिला आणि हळूहळू खाली आला तर ती लीन आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, दुखणंच वेगळं, आणि हवेची गळती शोधावी लागेल.

आता खात्री करायची. गाडी आधी नीट गरम करा, दारात उभी करून नाही, रंकाळ्याला एक चक्कर मारून या. मग स्लोला ठेवून चोक हळू ओढा. गरम गाडी थोडासा चोक ओढताच गुदमरून बंद पडत असेल तर पेट्रोल आधीच भरपूर आहे. चोक ओढल्यावर उलट सुधारली तर लीन.

दुसरी टेस्ट मला सगळ्यात आवडते कारण तिला पानासुद्धा लागत नाही. स्लोला चालू ठेवून पेट्रोल कॉक बंद करा आणि ऐकत बसा. कार्बोरेटरखालच्या वाटीतलं पेट्रोल खाली जाईल तसं मिक्स्चर लीन होत जातं. चांगली गाडीपण बंद पडायच्या आधी दोन-चार सेकंद आवाज चढवते, ते धरू नका, पण जर घुम-घुम थांबून बराच वेळ छान एकसारखी चालली आणि मग बंद पडली, तर रिच पक्कं, आणि बहुतेक वाटीत पेट्रोलची लेव्हलच वर आहे. हे करताना गाडी मोकळ्यावर ठेवा, बंद बोळात किंवा जिन्याखाली नको, रिच गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो आणि त्याला वास नसतो.

तिसरं म्हणजे प्लग. नवा नाहीतर स्वच्छ प्लग लावा, गरम इंजिन चार-पाच मिनिटं फक्त स्लोला चालवा, रेस न देता बंद करा आणि प्लग काढून बघा. गाडी फिरवून आणून बघितलात तर प्लगवर स्लोचा नाही, रस्त्यावरचा रंग दिसेल. कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी जी बोटानं पुसली जाते ती पेट्रोलची. ओली, चकचकीत, चिकट असेल तर ते ऑइल आहे, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघावं लागेल, आणि टू-स्ट्रोक असेल तर टूटी ऑइल (२टी, पेट्रोलबरोबर जळणारं) जास्त पडतंय का ते बघा. अजून एक फसवणारी गोष्ट म्हणजे कमजोर करंट. ठिणगी पिवळट आणि बारीक असेल तर मिक्स्चर बरोबर असूनसुद्धा ते नीट जळत नाही आणि प्लग काळा पडतो. जुन्या पॉइंटवाल्या (ठिणगीचा करंट तोडणारे पॉइंट) बुलेटला तर पॉइंट साफ आणि गॅप नीट केल्याशिवाय कार्बोरेटर खोलूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रिच पक्कं झालं की मग कारण शोधायचं, आणि फुकटातल्या कारणांपासून सुरुवात करायची. एअर फिल्टर काढून गाडी मिनिटभर स्लोला ठेवा, सुधारली तर फिल्टर गेलाय. आपल्याकडं गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॅक्टरमागं रोज जाणाऱ्यांचा फिल्टर किती लवकर भरतो ते तुम्हाला माहीतच आहे, आणि पावसाळ्यात ओला झालेला फोम पण हवा अडवतो. फोम असेल तर धुवून पूर्ण वाळवा, थोडं ऑइल लावून घट्ट पिळा, ऑइल ठिबकत ठेवलंत तर परत तेच. पेपरचा असेल तर धुवू नका, बदला. फिल्टर बॉक्समध्ये इंजिन ऑइल साठलेलं दिसलं तर ब्रीदर पाइपमधनं आलंय, म्हणजे इंजिनात ऑइल जास्त भरलंय नाहीतर रिंग झिजलीय.

मग चोक. पत्रीवाला चोक (हवा अडवणारी पत्री) असेल तर फिल्टरच्या बाजूनं टॉर्च मारून बघा पत्री पूर्ण उघडते का, लिव्हर खाली गेला म्हणजे पत्री उघडली असं नसतं. प्लंजरवाला असेल, म्हणजे वर ओढायचा दट्ट्या किंवा केबल, तर त्याच्या टोकाला छोटं रबर असतं. ते रबर कडक झालं, त्यावर गोल खाच पडली, किंवा केबल एवढी ताणलेली आहे की प्लंजर खाली टेकतच नाही, तर चोक बंद असूनसुद्धा पेट्रोल तिथनं सतत ओढलं जातं. जुन्या गाडीत हे लई कॉमन आहे आणि लई कमी लोक बघतात.

त्यानंतर फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून लेव्हल सांभाळणारा तुकडा. रात्री गाडी लावली की सकाळी पेट्रोलचा वास, ओव्हरफ्लोच्या पाइपखाली डाग, मायलेज निम्मं, असं असेल तर सरळ इथंच या. कॉक बंद करा, वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत काढा, मग वाटी खोला. जवळपास गॅस, निरांजन, बिडी काही नको. फ्लोट पिनच्या (फ्लोट वर आला की सीटवर बसून पेट्रोल अडवते ती) टोकावर बोटाचं नख फिरवा, खाच लागली तर पिन बदला, सीटमध्ये कचरा असेल तर तो साफ करा. फ्लोट कानाजवळ हलवा, आत खळखळ वाजलं तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो बुडतोय. पितळी फ्लोट असेल तर गरम पाण्यात धरा, बुडबुडे जिथनं येतील तिथं भोक. फ्लोटची उंची मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असते, अंदाजानं फ्लोटची पत्री वाकवू नका.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या तोंडात बघितलं तर मोठ्या भोकाच्या कडेला एक-दोन बारीक भोकं दिसतात. त्यातलं एक स्लो सर्किटची हवेची वाट आहे. स्लो जेटमधनं येणाऱ्या पेट्रोलमध्ये तिथनं हवा मिसळते. ते धुळीनं, ऑइलनं बुजलं की पेट्रोल तेवढंच येतं पण हवा कमी, म्हणजे रिच, आणि जेट कितीही बदला फरक पडत नाही. कार्बोरेटर क्लीनर मारा, दुसरीकडनं बाहेर येतो का बघा, मग कॉम्प्रेसरची हवा. पंक्चरवाल्याकडची हवा पण चालते, फक्त आधी फ्लोट, पिन आणि सगळे रबर काढून ठेवा. स्लो जेटला पण हेच, क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा, पण तार, पिन, सुई काही घालू नका. पितळ मऊ असतं, एकदा भोक मोठं झालं की ती गाडी कायमची रिच. जेट आधीच असा खराब झाला असेल तर त्याच नंबरचा चांगल्या कंपनीचा घ्या, स्वस्त किटमधला जेट घेण्याआधी जुन्याशेजारी धरून उजेडात बघा.

हे सगळं झाल्यावर स्क्रू. आधी तो कुठल्या जातीचा आहे ते ओळखा, कारण दोन्ही उलटे चालतात. स्क्रू स्लाइडच्या (रेस दिली की वर उचलला जाणारा कार्बोरेटरमधला दट्ट्या) फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन. आरएक्स १०० आणि जुन्या बुलेटच्या मिककार्ब कार्बोरेटरला असाच असतो. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. हे न बघता कुणाच्या सांगण्यावरनं फिरवलं की घोळ होतो.

बंद गाडीत स्क्रू हळू आत घाला, किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा, टेकला की थांबा. आवळलात तर टोक मोडतं किंवा सीट खराब होते. मग दीड फेरा बाहेर काढा, बहुतेक गाड्यांना सुरुवात म्हणून हे चालतं, मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तो घ्या. गाडी गरम करा, स्लोचा स्क्रू (स्लाइड उचलून आरपीएम वाढवणारा, तो वेगळा) थोडा वाढवा आणि मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जा, दर वेळी दहा सेकंद थांबा. जिथं आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा येतो ती जागा. मग स्लो परत खाली आणा, स्प्लेंडरला साधारण १४०० आरपीएम.

ही जागा कुठं सापडली त्यावरनं निदान होतं, आणि स्क्रूचा खरा उपयोग मला हाच वाटतो. हवेचा स्क्रू तीन फेरे बाहेर काढूनसुद्धा गाडी अजून बाहेरच मागतीय, किंवा पेट्रोलचा स्क्रू अर्ध्या फेऱ्याच्या आतच बरा वाटतोय, तर जेट मोठा आहे नाहीतर वर सांगितलेलं काहीतरी राहिलंय. पेट्रोलचा स्क्रू पूर्ण बंद केला तरी गाडी आरामात चालू राहिली तर पेट्रोल दुसरीकडनं येतंय, चोक आणि फ्लोट परत बघा. आणि स्क्रू कसाही फिरवा काही फरकच पडत नसेल तर स्लोचा स्क्रू जास्त आत आहे का बघा, स्लाइड एवढी वर उचललेली असते की गाडी त्या स्क्रूवर चालतच नसते.

दोन गोष्टी लोक नेहमी विचारतात. पन्हाळ्यावर गेल्यावर गाडी रिच होते का? थोडी होते, कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर आणि पन्हाळा साडेनऊशेच्या वर, हवा विरळ होते, पण तेवढ्यानं प्लग काळा पडत नाही, पडत असेल तर गाडी खालीच रिच होती. आणि इथेनॉलचं पेट्रोल? इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं मिक्स्चर उलट लीनकडं जातं. पण त्यानं जुनं रबर फुगतं, कडक होतं, म्हणून फ्लोट पिन, चोकचं रबर आणि ऑरिंग बदलायची वेळ लवकर येते.

काम झाल्यावर डिपस्टिक (ऑइल मोजायची काडी) काढून वास घ्या. बरेच दिवस रिच चाललेल्या फोर-स्ट्रोक गाडीत पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरनं खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि रिंग, बेअरिंग झिजतात. पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल वाढलेली दिसली तर किलोमीटर झाले नसले तरी ऑइल बदला, मगच लांबच्या रस्त्याला काढा. आमच्या स्प्लेंडरचं ऑइल तेव्हा पाण्यासारखं पातळ निघालं होतं, बदलून शंभरेक किलोमीटर चालवली आणि परत एकदा प्लग काढून बघितला, रंग विटकरी आला होता.