मदरबोर्ड वाचायचा कसा: सॉकेटपासून सुरुवात करा

आधी मॉडेलचं नाव शोधा. ते बहुतेक वेळा रॅम आणि ग्राफिक कार्डाच्या स्लॉटच्या आसपास ठळक छापलेलं असतं. पीसी चालू असेल तर विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोरही दिसतं. त्या नावाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या, पुढे पावलोपावली लागेल.

आता सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा. बोर्डावर कोणता प्रोसेसर चालेल हे आधी सॉकेट ठरवतं आणि मग चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) व बायॉस (पीसी सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर). बी४५० चिपसेटच्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटात एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर नीट बसतो, पण बायॉस जुना असेल तर पीसी सुरूच होत नाही. त्यामुळे जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायॉस अपडेट करा.

एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तर एएमडीच्याच एएम५ आणि इंटेलच्या एलजीए१७००मध्ये त्या सॉकेटात असतात. अशा सॉकेटावरचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीला पाठवताना लागतं. एएम४चा कूलर काढताना तो सरळ वर ओढू नका. कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट वाळून चिकटलेली असते, त्यामुळे सॉकेटचा खटका बंद असूनही प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग तो बंद करून वायर काढा आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

सॉकेटच्या कडेला रांगेत दिसणारे चौकोनी ठोकळे म्हणजे चोक. शेजारचे मॉस्फेट आणि कपॅसिटर धरून हा झाला व्हीआरएम. एसएमपीएसकडून (पीसीच्या पॉवर सप्लायकडून) येणारे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला साधारण १ ते १.४ व्होल्ट देणं हे त्याचं काम. अनेक स्वस्त बोर्डांच्या व्हीआरएमवर हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा तुकडा) नसते. त्यावर आठ कोरचा प्रोसेसर लावून तासन् तास रेंडरिंग केलं की व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. दिव्यांची रोषणाई पाहून बोर्ड घेणाऱ्यांनी पैसे इथे घालावेत.

या भागाला वीज पुरवणारा ८ पिनांचा कनेक्टर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असतो. २४ पिनांची मोठी वायर सगळे लावतात, ही मात्र हमखास राहून जाते. मग पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. ग्राफिक कार्डाची ६+२ पिनांची वायर इथे जोर लावून घुसवू नका, तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. इथे ४+४ची वायर लागते.

रॅमचे चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर दाबत राहू नका, प्रकार तपासा.

एम.२ म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायचा स्लॉट. त्याचं मॅन्युअलमधलं पान जरूर वाचा. काही स्लॉट फक्त एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी घेतात, साटाची नाही. अनेक बोर्डांवर एम.२ वापरला की साटाचे (हार्डडिस्कची वायर लावायचे) एक-दोन पोर्ट बंद होतात आणि जुनी हार्डडिस्क ‘गायब’ होते. ती बिघडलेली नसते, वायर दुसऱ्या पोर्टला लावा.

बोर्ड कॅबिनेटात बसवताना पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचे छोटे खांब) बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, ते पाहा. एखादा जास्तीचा राहिला तर बोर्डामागे शॉर्ट होतो. फ्रंट पॅनलच्या (कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या आणि दिव्यांच्या) वायरींमध्ये पॉवर आणि रिसेटच्या स्विचला उलट-सुलट नसतं, दिव्यांना मात्र प्लस-मायनस पाहावं लागतं.

सगळं जोडूनही डिस्प्ले नाही? मॉनिटरची केबल कुठे आहे ते पाहा. रायझन ५ ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्र येणारच नाही, केबल ग्राफिक कार्डाला हवी. तरीही अडलं तर एकच रॅम ठेवून पाहा. मग बायॉसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणण्यासाठी पीसी बंद करून मेन वायर काढा आणि बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून परत बसवा. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर तो सेलच बदला.