संध्याकाळी किट लेन्सचे फोटो हलतात: माझा अनुभव

सांगलीच्या गणपती मंदिरात संध्याकाळी कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ मिमी किट लेन्सने काढलेल्या फोटोंत हात, चेहरे हललेले. ५५वर लेन्सचं छिद्र एफ ५.६पर्यंतच उघडतं (आकडा लहान तितका प्रकाश जास्त), म्हणून शटर १/१५ सेकंद. आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १२८०० केला तर फोटो रवाळ, फ्लॅशने समईच्या पितळेवर पांढरा डाग, ट्रायपॉडने माणसं थोडीच थांबतात! वैताग नुसता.

जास्त उघडणारी, झूम नसलेली लेन्स कोणती घ्यायची हे ठरवायला झूम रिंग चिकटपट्टीने आधी ३५वर, मग ५०वर बांधून एकेक दिवस फोटो काढले. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान) ५० म्हणजे फुल-फ्रेमवरच्या जवळपास ७५ इतकं जवळचं दिसतं. घरात पाठ भिंतीला टेकते. म्हणून ३५ मिमी एफ १.८ घेतली. निकॉन डी३५००मध्ये फोकस मोटर नसते, तेव्हा एएफ-एस (लेन्समध्येच मोटर असलेली) लेन्सच घ्या. जुनी स्वस्त 'डी' लेन्स हाताने फोकस करावी लागते.

मग एफ २, ऑटो आयएसओची मर्यादा ३२००, एकच फोकस बिंदू डोळ्यावर, शटर १/१००. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर याहून वेगवान केलं की काही एलईडीखाली पट्टे उमटतात.