नाताळात जेवणाची खोली पानाफुलांनी सजवताना या चुका टाळा

नाताळच्या सजावटीची जी छायाचित्रे आपल्या पाहण्यात येतात, ती बहुतांशी थंड देशांतली असतात. तिथल्या गार हवेत सूचिपर्णी झाडांच्या कापलेल्या फांद्या बरेच दिवस हिरव्या राहतात. मुंबईत, वसईत किंवा पणजीत डिसेंबरातही दुपारचा पारा तिशी ओलांडतो, समुद्रावरची हवा दमट असते आणि जेवताना डोक्यावर पंखा फिरत असतो. अशा खोलीत ती सजावट जशीच्या तशी उचलून आणली, की दुसऱ्या दिवशी पाने माना टाकतात, तिसऱ्या दिवशी मुंग्या येतात आणि चौथ्या दिवशी संत्र्याच्या चकत्यांवर बुरशी दिसू लागते. त्यातही जेवणाच्या खोलीची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे जे झडते किंवा पाझरते ते थेट ताटात जाते. दिवाणखान्यात खपून जाणारी वस्तू जेवणाच्या टेबलावर खपेलच असे नाही, आणि सजावटीतल्या बहुतेक अडचणी हे ध्यानात न घेतल्यामुळेच उद्भवतात.

टेबलावर जागा किती उरते, हे न मोजणे

सहा माणसांच्या नेहमीच्या टेबलाची रुंदी सुमारे ९० सेंटिमीटर असते. दोन्ही बाजूंची ताटे आणि त्यांच्यापुढचे पेले वजा केले, तर मधोमध जेमतेम २० ते २५ सेंटिमीटरचा पट्टा उरतो, आणि आपल्याकडे त्याच पट्ट्यात पुलावाचे पातेले, रश्श्याचा वाडगा, कोशिंबीर आणि पोळ्यांचा डबा मांडायचा असतो. मग सकाळभर खपून केलेली पुष्परचना ऐन जेवणाच्या वेळी फ्रिजवर जाऊन बसते. यावर उपाय म्हणजे मधला पट्टा वाढण्यासाठी मोकळा ठेवून मुख्य सजावट बाजूच्या कपाटावर, खिडकीच्या कठड्यावर किंवा भिंतीवर करावी, आणि टेबलावर फक्त एक अरुंद हिरवी ओळ, तीही पातेल्यांच्या मधून जाईल अशी, ठेवावी. उंचीच्या बाबतीत एक सोपी कसोटी आहे. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरला असता मुठीच्या वर जाणारी कोणतीही गोष्ट समोरच्या माणसाचा चेहरा झाकते, मग ती कितीही सुंदर असो.

हिरवाई निवडताना होणाऱ्या चुका

सर्वांत महागात पडणारी चूक कुंडीतल्या 'ख्रिसमस ट्री'च्या बाबतीत होते. रोपवाटिकांमध्ये या नावाने मिळणारे झाड सहसा अराउकारिया असते. टेबलासाठी चार हिरव्या डहाळ्या हव्यात म्हणून त्याच्या आडव्या फांद्या कापल्या, तर त्या जागी पुन्हा फांदी येत नाही, आणि शेंडा खुडला तर झाडाचा सरळ, थरांचा आकार कायमचा बिघडतो. गुलाबासारखी छाटणी या झाडाला सोसत नाही. ते अखंडच कोपऱ्यात उभे करावे. बाहेरच्या उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत आणल्यावर खालच्या फांद्या तपकिरी पडू लागल्या, तर पाणी वाढवण्याआधी त्याला खिडकीजवळ उजेडात सरकवून पाहावे, कारण अशा वेळी घातलेल्या जादा पाण्याने मुळे कुजण्याचीच शक्यता अधिक असते.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या हाती सहज लागणारी हिरवाई म्हणजे सुरू. वसईच्या एका किनाऱ्याची तर ओळखच सुरूची बाग अशी आहे. सुरूची ती लांब 'पाने' म्हणजे वास्तविक पेरापेरांच्या बारीक हिरव्या काड्या असतात, आणि फांदी सुकू लागली की त्या पेरांवर तुटून गळतात. म्हणून सुरूची फांदी जेवणाच्या टेबलावर टांगणे किंवा पसरणे टाळावे. ती दाराच्या चौकटीवर शोभते. किनाऱ्यावरची सुरूची झाडे वारा आणि वाळू अडवण्यासाठी लावलेली असतात, त्यामुळे त्यांच्या फांद्या तोडू नयेत. खाली पडलेल्या डहाळ्या आणि लहान काटेरी फळे टोपलीभर सहज मिळतात, आणि सजावटीला ती फळे डहाळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आंब्याची डहाळी आपल्याकडे प्रत्येक मंगलकार्याला चालते, तशी ती नाताळालाही चालते. मात्र या दिवसांत कोकणात काही झाडांना मोहोर येऊ लागलेला असतो, आणि मोहोरासकट आणलेली डहाळी म्हणजे तुडतुडे, फुलांचा भुगा आणि पानांच्या पुडक्यात लपलेल्या लाल मुंग्या यांना जेवायला बोलावणे होय. मोहोर नसलेली, जून पानांची डहाळी घ्यावी, बाहेरच जोरात झटकावी, पाण्यात बुडवून धुवावी आणि सावलीत निथळू द्यावी. तोडलेल्या देठातून येणारा चीक अंगाला लागला तर काहींच्या त्वचेवर चट्टे उठतात, म्हणून देठ कापडाने पुसून घ्यावेत. पुण्यात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना सिल्व्हर ओकची पाने मिळाली तर ती अवश्य वापरावीत. नेच्यासारखी कातरलेली आणि मागून रुपेरी असलेली ही पाने सुकली तरी आकार फारसा सोडत नाहीत, आणि रुपेरी रंगाचा फवारा विकत आणण्याची गरजही उरत नाही. तो फवारा, कृत्रिम बर्फ आणि चमकी या तिन्ही गोष्टी अन्नाजवळ नकोतच.

पॉइन्सेटियाची लाल पाने कापून फुलदाणीत ठेवली की तासाभरात मलूल होतात, अशी तक्रार नेहमीची आहे. कापलेल्या देठातून पांढरा चीक वाहत राहतो, हे त्याचे कारण. कापताच देठाचे टोक काही सेकंद मेणबत्तीच्या ज्योतीवर धरले किंवा गरम पाण्यात बुडवले, तर चीक थांबतो आणि फांदी टिकते. कुंडीच ठेवायची असेल तर तिच्याभोवतीचा चकचकीत कागद काढून टाकावा किंवा त्याला तळाशी भोके पाडावीत, कारण त्यात साचलेले पाणी मुळांना कुजवते.

फुले कशात रोवावीत

फुलवाल्यांकडे मिळणारा हिरवा स्पंज सोयीचा खरा, पण तो प्लॅस्टिकच्याच जातीचा असतो, हाताळताना त्याचा बारीक भुगा पडतो आणि तो मातीत कुजत नाही. त्याऐवजी पूजेच्या मखराला वापरतात तसा केळीच्या खांबाचा तुकडा घ्यावा. त्यात देठ सहज रुततात आणि त्याचा स्वतःचा ओलावा त्यांना पुरतो. इथे घडणारी चूक अशी, की तो तुकडा थेट पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला जातो. केळीच्या चिकाचा तपकिरी डाग कापडावरून जवळजवळ निघत नाही. खाली ताट किंवा काठ असलेली तबकडी ठेवावी आणि कापलेले टोक तासभर बाहेरच निथळू द्यावे.

मेणबत्ती आणि वाळलेली पाने

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे जेवणाच्या टेबलावर ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. दर रविवारी एक मेणबत्ती अधिक लागते, आणि त्यातली गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची. या सुंदर प्रथेतला धोका हळूहळू वाढत जातो. पहिल्या रविवारी पाने ताजी असतात आणि एकच ज्योत असते, तर चौथ्या रविवारी तीच पाने कडकडीत वाळलेली असतात आणि ज्योती चार झालेल्या असतात. म्हणून मेणबत्त्या कायम ठेवून हिरवाई दर आठवड्याला बदलावी. प्रत्येक मेणबत्ती काचेच्या उंच पेल्यात ठेवावी, वात साधारण अर्ध्या सेंटिमीटरवर कातरावी आणि ज्योत पेटलेली असताना पंखा बंद ठेवावा. पंखा बंद करणे शक्यच नसेल, तर मेणबत्तीचा आग्रह सोडलेला बरा.

नारळाच्या करवंटीत छोटी मेणबत्ती ठेवण्याची कल्पना दिसायला आकर्षक असली, तरी करवंटी हे मुळात उत्तम सरपण आहे, हे विसरले जाते. बाहेरच्या बाजूला राहिलेल्या काथ्याच्या तंतूंवर वितळलेले मेण सांडले, की ते तंतू वातीचे काम करू लागतात. करवंटीत पाणी भरून फुलांच्या पाकळ्या सोडाव्यात आणि ज्योत काचेत, तिच्यापासून दूर ठेवावी.

लाल फळांचा मोह

परदेशी नाताळ-सजावटीतल्या हॉली या झुडपाची लाल फळे आपल्याकडे मिळत नाहीत, म्हणून तसेच लाल काहीतरी शोधताना गुंजांकडे हात जातो. लाल अंगावर काळा ठिपका असलेल्या या बिया वाटीत फार देखण्या दिसतात, परंतु त्यांत अब्रिन नावाचे अतिशय जहाल विष असते. अखंड बीचे कवच कठीण असते, मात्र माळेसाठी भोक पाडलेली किंवा दाताखाली फुटलेली बी प्राणघातक ठरू शकते. ज्या टेबलावर मुले कुलकुले आणि नेवऱ्या उचलून खात असतात, तिथे गुंजांना जागा नाही. एरंडाच्या बिया आणि कण्हेरीची फुले-पाने यांनाही हाच नियम लावावा. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी घरांत खुद्द हॉली आणि मिसलटो सहज येतात. त्यांची फळेही खाण्याची नसतात, त्यामुळे ती उंचावरच टांगावीत. लाल रंगासाठी डाळिंबे घ्यावीत. ती अखंड असताना आठवडाभर सहज टिकतात आणि नंतर खाताही येतात. सफरचंदेही चालतात, पण ती कार्नेशनच्या शेजारी ठेवू नयेत, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे ती फुले लवकर मिटतात.

संत्री, शंकू आणि पाणकणीस

नागपुरी संत्र्यांचा आंबिया बहार नेमका या दिवसांत बाजारात असतो, म्हणून वाळवलेल्या चकत्यांची माळ करणे आपल्याकडे स्वस्त पडते. चकत्या जाड कापणे आणि अर्धवट वाळल्या असताना ओवणे, या दोन चुकांमुळे त्यांना बुरशी येते. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कापाव्यात, कापडाने टिपाव्यात आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये तीन-चार तास, मधूनमधून उलटत, वाळवाव्यात. किनाऱ्यावरच्या हवेत त्या पुन्हा मऊ पडतात, तेव्हा हवाबंद डब्यात ठेवून आदल्या दिवशीच टांगाव्यात. लवंगा टोचलेले ताजे संत्रे मात्र दोन-तीन दिवसांचेच असते, हे धरून चालावे.

हिमालयाच्या सहलीतून आणलेले चीडाचे शंकू धुतल्यावर मिटून बसले, की ते खराब झाले असे समजून अनेकजण टाकून देतात. ओलाव्याने खवले मिटणे आणि कोरडे झाल्यावर उघडणे हा शंकूचा स्वभावच आहे. दोन दिवस उन्हात ठेवले की ते पुन्हा उघडतात आणि आत दडलेले किडेही बाहेर पडतात. पाणथळ जागी वाढणाऱ्या पाणकणसाबद्दल मात्र स्पष्ट सांगावेसे वाटते, की पिकलेले कणीस गरम खोलीत अचानक फुटते आणि त्याचा कापूस पंख्याच्या वाऱ्यावर सगळ्या ताटांत पसरतो. ते जेवणाच्या खोलीत आणूच नये.

निशिगंधाचा वास रात्री अधिक दरवळतो आणि सोरपोतेलचा (डुकराच्या मांसाच्या मसालेदार रश्श्याचा) किंवा केकचा वास पार झाकून टाकतो. त्याची फुलदाणी बाहेरच्या दाराशी ठेवावी, आणि टेबलाजवळ शेवंती किंवा ॲस्टर असू द्यावे.

कोकण-गोव्यातल्या घरांत शिंपले आणि वाळू वापरण्याची हौस असते. साधे रिकामे शिंपले उकळून, वाळवून वापरावेत. प्रवाळाचे तुकडे मात्र घेऊ नयेत, कारण प्रवाळांना आणि काही मोठ्या शंखांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, आणि दुकानात विकायला ठेवले म्हणून ते कायदेशीर ठरत नाहीत.

सजावट ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत ठेवायची असेल, तर ताजी फुले आणि केळीचा खांब २७-२८ डिसेंबरला एकदा पूर्ण बदलावा, फुलदाणीचे पाणी रोज ओतून नवे घालावे आणि पाण्यात बुडणारी पाने खुडून टाकावीत, म्हणजे खोलीला कुबट वास येत नाही. उतरवताना तारा आणि रिबिनी वेगळ्या काढून उरलेले सगळे खतात टाकता येते, आणि अराउकारियाची कुंडी आठवडाभर सावलीत ठेवून मगच उन्हात न्यावी.