पावसाळ्यापूर्वी गच्चीची आणि भिंतींची गळती कशी दुरुस्त करावी

भिंतीवर ओलीचा डाग उमटला की बहुतेक घरमालक आधी रंगाचे दुकान गाठतात आणि ओल रोखणारा म्हणून विकला जाणारा रंग खोलीच्या आतल्या बाजूने लावून मोकळे होतात. हा खर्च बहुधा वाया जातो. पाणी बाहेरून भिंतीत शिरत असते, आतला लेप ते शिरणे थांबवू शकत नाही, आणि भिंतीच्या पोटात साठलेले पाणी त्या लेपाला मागून ढकलत राहिल्याने काही महिन्यांतच त्याचे पोपडे निघू लागतात. म्हणून पुढील मार्गदर्शनात लेप लावण्याइतकाच भर पाण्याचा उगम शोधण्यावर दिला आहे. ही माहिती काँक्रीटची स्लॅब आणि विटांच्या भिंती असलेल्या घरासाठी आहे. कौलारू घरांची गळती हा वेगळा विषय आहे.

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते, दक्षिण कोकणात तो त्याआधी पोहोचतो, आणि वळवाच्या सरी तर मे महिन्यातही गाठतात. सिमेंटच्या कामाला पाणी मारण्यासाठी लागणारे दिवस आणि त्यानंतर ते सुकण्यासाठी लागणारे दिवस धरले, तर उगमाचा शोध एप्रिलमध्ये सुरू करून शेवटचा लेप मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवणे शहाणपणाचे ठरते.

ओल कुठून येते

डाग जिथे दिसतो त्याच्या नेमके वर पाणी शिरत असेल असे समजू नये. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी सळयांच्या कडेने किंवा विजेच्या तारांसाठी टाकलेल्या पाइपांतून आडवे वाहत जाते आणि वाट सापडेल तिथे, पुष्कळदा पंख्याच्या हुकापाशी किंवा दिव्याच्या डबीतून, खाली उतरते. अशा ठिकाणी पाणी दिसताच त्या खोलीचा विद्युतप्रवाह मुख्य बोर्डावरून बंद करावा आणि मगच पुढचा तपास करावा.

ओल केव्हा वाढते हा पहिला प्रश्न आहे. फक्त पावसात वाढणारी ओल गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीच्या चौकटीभोवतून येते. बारा महिने सारखी राहणारी ओल नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपातून येत असण्याचा संभव अधिक असतो. ती खात्री करण्यासाठी रात्री घरातले सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा. सकाळी तो पुढे सरकलेला असेल तर दाबाखालचा पाइप कुठेतरी गळत आहे, मात्र टाकी मध्ये असल्यास तिच्यात रात्री पाणी चढत नाही ना, हे आधी पाहावे. सांडपाण्याची गळती मीटरवर दिसत नाही. तिच्यासाठी न्हाणीघराच्या जाळीत गडद रंगाचे पाणी, अगदी निळीचे सुद्धा चालते, भरपूर ओतावे आणि खालच्या छतावर तो रंग उतरतो का हे एक-दोन दिवस पाहावे.

तळमजल्यावर जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंतच ओल असेल, तिची वरची कड साधारण एका रेषेत असेल आणि भिंतीवर पांढरा लोणा फुटत असेल, तर पाणी घराच्या पायातून वर चढत आहे. ही ओल गच्ची दुरुस्त करून कधीच जाणार नाही. घराभोवतीची माती जोत्याच्या वर आली असल्यास ती खाली उतरवणे आणि भिंतीलगत बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरशी करणे, एवढे घरमालकाला करता येते. जोत्यावर ओलरोधक थर नव्याने घालणे मात्र जाणकाराचे काम आहे.

संशय राहिल्यास हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या मागे जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीच्या बाजूने जमले तर ती हवेतील वाफ आहे, आणि त्यावरचा उपाय खिडकी उघडणे किंवा हवा बाहेर टाकणारा पंखा बसवणे इतका स्वस्त असू शकतो.

गच्चीवर पाणी साठवून पाहणे

गच्चीवरचा कचरा, कुंड्या आणि जुने सामान हलवून तारेच्या ब्रशने पृष्ठभाग स्वच्छ करावा. त्यानंतर पावसाळी पाइपांची तोंडे कापडाच्या बोळ्यांनी बंद करून गच्चीवर २५ मिलिमीटर उंचीचे पाणी साठवावे आणि ते २४ ते ४८ तास तसेच ठेवून खालच्या छतावर लक्ष ठेवावे. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीला यासाठी सुमारे १,२५० लिटर पाणी लागते, आणि मे महिन्यात ते प्रत्येक गावात परवडणारे नसते. म्हणून चिकणमातीचे बांध घालून गच्चीचे तीन-चार भाग करावेत आणि एका भागातले पाणी दुसऱ्यात सोडत चाचणी करावी. यात पाणी वाचतेच, शिवाय कोणत्या भागात पाणी साठवल्यावर खाली ओल उतरली हेही कळते. पूर्ण गच्ची एकदम भरली तर ते कळत नाही. अडीच सेंटिमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला २५ किलो होते, त्यामुळे धड अवस्थेतल्या स्लॅबला त्याने काही होत नाही. खालून सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर मात्र ही चाचणी करू नये.

पाणी सोडून दिल्यावर तासाभराने पुन्हा गच्चीवर जावे आणि जिथे डबकी राहिली असतील तिथे खडूने रेघ ओढावी. गच्चीचा उतार पाइपाच्या दिशेने किमान शंभरास एक, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर, असावा लागतो. जिथे डबके राहते तिथे तो बिघडलेला आहे आणि तिथला लेप सर्वांत आधी सुटणार आहे.

भेगा आणि वाटा

गच्चीची गळती बहुतेक वेळा स्लॅबच्या मधोमध नसते. ती कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यात, पाइपांच्या भोवती आणि पाण्याच्या टाकीखाली असते. कठड्याच्या तळाशी गवंडी जो गोलाकार उतरता कोपरा करतात त्याला वाटा म्हणतात. तो तडकला असेल तर वरून सिमेंटचा हात फिरवून भागत नाही. सुटलेला भाग छन्नीने पूर्ण काढून, जागा धुऊन, एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली वाळू यांच्या मिश्रणात एसबीआर लेटेक्स, म्हणजे सिमेंटची पकड वाढवणारे दुधासारखे द्रव, घालून वाटा नव्याने भरावा. जुन्या काँक्रीटला नवा माल धरावा म्हणून आधी लेटेक्स आणि सिमेंट यांची खीर डब्यावर दिलेल्या प्रमाणात करून ब्रशने लावावी आणि ती चिकट असतानाच वरचा माल थापावा. खीर सुकली तर ती चिकटण्याऐवजी दोन थर वेगळे करते, हे अनेक गवंडीही विसरतात.

भेगांच्या बाबतीत लोक जी चूक करतात ती म्हणजे त्यांत नुसते सिमेंट भरणे. काँक्रीट उन्हाने प्रसरण पावते. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान ३० अंशांनी वाढले तर तिची लांबी सुमारे ३ मिलिमीटरने वाढते आणि रात्री पुन्हा कमी होते. ही रोजची ये-जा सिमेंटला सोसत नाही, म्हणून भरलेली भेग पुढच्याच वर्षी शेजारी उघडते. केसासारख्या बारीक भेगांवर जाळीसह दिलेला लेप पुरतो. त्यांहून रुंद भेगेला ग्राइंडरने किंवा छन्नीने साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल खाच पाडावी, धूळ पूर्ण झाडून ती कोरडी होऊ द्यावी, तळाशी फोमची दोरी दाबून बसवावी आणि वर पॉलियुरेथेनचे सीलंट भरावे. दोरीमुळे सीलंट फक्त दोन्ही कडांना चिकटते, तळाला चिकटत नाही, आणि त्यामुळे ते ताणले जाऊ शकते. हे काम सकाळी, स्लॅब थंड असताना करावे. ग्राइंडर वापरताना चष्मा आणि मास्क घालणे ऐच्छिक समजू नये.

कठड्याच्या भेगेत पिंपळाचे किंवा उंबराचे रोप उगवले असेल तर ते वरून कापल्याने जोमाने पुन्हा फुटते. आजूबाजूचा गिलावा फोडून मूळ निघेल तितके काढावे आणि मगच ती जागा भरावी. कठड्याचा माथाही पाहून घ्यावा. त्याचा उतार गच्चीच्या आत हवा. तो बाहेर असेल तर सगळे पाणी बाहेरच्या भिंतीवरून ओघळते.

सिमेंटच्या नव्या कामावर किमान सात दिवस, आणि सध्या बाजारात सर्रास मिळणारे पोझोलाना सिमेंट (पिशवीवर पीपीसी लिहिलेले) वापरले असल्यास किमान दहा दिवस पाणी मारावे. मेच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी शिंपडणे पुरत नाही. ओली गोणपाटे अंथरून ती सुकू न देणे हा सोपा उपाय आहे.

लेप

दुकानात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात आणि त्यांची तयारी परस्परविरुद्ध असते. सिमेंट आणि पॉलिमर यांचा दोन घटकांचा लेप किंचित ओलसर पृष्ठभागावर लावावा लागतो, तर तयार मिळणारा ॲक्रिलिकचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप पूर्ण कोरड्या पृष्ठभागावर. ॲक्रिलिक लेप ओल्या स्लॅबवर लावला की उन्हात वाफ होऊन त्याला फुगे येतात. साधा ॲक्रिलिक लेप सतत साचलेल्या पाण्यातही टिकत नाही, त्यामुळे डबक्यांचा उतार आधी दुरुस्त करणे भाग आहे.

पहिला थर पातळ करून द्यावा, तो ओला असताना वाटे, पाइपांचे बूड आणि भेगा यांवर काचतंतूची जाळी दाबून बसवावी, आणि पुढचे दोन थर एकमेकांना काटकोनात, एक लांबीच्या दिशेने व दुसरा रुंदीच्या दिशेने, द्यावेत. लेप कठड्यावर किमान १५० मिलिमीटर वर चढवावा. भर दुपारी काम करू नये, कारण तापलेल्या स्लॅबवर लेप पसरण्याआधीच सुकतो.

जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या जाड थरावर, दुसरा कोबा घालण्याचा सल्ला कंत्राटदार सहज देतात. सरासरी १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो असते, आणि हे वजन पेलण्याइतकी स्लॅब सक्षम आहे का, हे अभियंत्याला विचारल्याशिवाय असा सल्ला स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खिडक्या

वाऱ्यासह येणारा पाऊस खिडकीखालची भिंत ओली करतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी छोटी भोके असतात. ती धुळीने बुजली की पट्टीतले पाणी घरात उतरते. जुन्या ब्रशने आणि तारेने ती मोकळी करणे हे या लेखातले सर्वांत स्वस्त काम असेल. चौकट आणि भिंत यांमधील सुटलेले सिलिकॉन पूर्ण कापून, कडा पुसून नवे भरावे. जुन्यावर नवे चढवल्यास ते धरत नाही. खिडकीखालच्या दगडाचा उतार बाहेर असावा. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी ठिबकून पडावे म्हणून खाच असते. ती रंगाच्या थरांनी भरून गेली असल्यास खरवडून काढावी. बाहेरच्या भिंतीचे काम शिडी टेकवून हात पोहोचेल तेवढ्यापुरतेच ठेवावे, त्याहून उंच भिंतीसाठी परांची बांधणारे लोक असतात.

स्वतः करू नयेत अशी कामे

छतावर हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर बद्द आवाज येत असेल, सळईच्या रेषेत भेग दिसत असेल किंवा तांबूस ओघळ उतरले असतील, तर आतली सळई गंजत आहे. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक असते आणि ते वरचे काँक्रीट फोडून बाहेर काढते. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेमुळे हे लवकर घडते. अशा ठिकाणी गिलावा करून डाग झाकणे घातक आहे. खांब किंवा तुळई यांना तिरकी भेग असल्यासही संरचना अभियंत्यालाच बोलवावे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी हत्यार उचलण्यापूर्वी पत्र लिहावे. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाची दुरुस्ती, आणि त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या सदनिकेच्या छताचा बिघडलेला गिलावा, ही संस्थेची जबाबदारी आहे. वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातली गळती ही त्या सभासदाची. याच उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करण्याची तरतूद आहे. सचिवांना पत्र देताना त्या अहवालाची प्रतही मागावी.

आतली भिंत

उगम बंद झाल्यावरही भिंत लगेच कोरडी होत नाही. फुगलेला रंग आणि पुट्टी खरवडून काढावी, लोणा कोरड्या ब्रशने झाडून घ्यावा; तो पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. भुसभुशीत झालेला गिलावा विटेपर्यंत काढून भिंत तशीच उघडी ठेवावी आणि पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर तिच्याकडे पाहावे. एक पूर्ण पावसाळा ती कोरडी राहिली, तर ऑक्टोबरमध्ये गिलावा करून, तो पुरेसा सुकल्यावर पुट्टी आणि रंग लावावा. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यालाच आली, तर त्या एका भिंतीचा रंग सणानंतर लावण्याचे ठरवावे.