वाचनालयातले जुने संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर कसे न्यावेत

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्यांचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या हार्डवेअरविषयक अटींत न बसणारे, पण एरवी धडधाकट असलेले असंख्य संगणक अडचणीत आले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केल्यापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या (कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) चळवळीचा भार मुख्यतः प्रोग्रामरांनी वाहिला आहे. यापुढे तिला बळ मिळेल ते गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांसारख्या संस्थांकडून, अशी माझी आशा आहे, कारण त्यांच्याकडे पैसा बेताचा असला तरी नोंदी पिढ्यानपिढ्या जपण्याची सवय आहे.

सुरुवात कार्यप्रणालीपासून करू नये. आहे त्याच विंडोजवर लिबरऑफिस हा लेखन व तक्त्यांचा मुक्त संच आणि फायरफॉक्स हा ब्राउझर बसवून महिनाभर रोजचे काम त्यांवर करावे, म्हणजे कर्मचाऱ्यांना एकाच वेळी सगळेच अनोळखी वाटणार नाही. नव्या फाइली लिबरऑफिसच्या ओपन डॉक्युमेंट स्वरूपात जतन कराव्यात (हे स्वरूप २००६ पासून आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक आहे) आणि बाहेर पाठवायच्या पत्रांची पीडीएफ करावी.

खरे कष्ट जुन्या मराठी मजकुराचे आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारे जागतिक मानक; त्याच्या पूर्वीच्या काळातल्या बहुतेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर वर्गणीदारांच्या यादीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. असा मजकूर परिवर्तकातून, म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून, युनिकोडमध्ये आणता येतो, परंतु ऱ्हस्व वेलांटी, रफार, जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ यांतला र हमखास बिघडतो. म्हणून व्यक्तींची नावे आणि ग्रंथनामे दोघांनी मिळून, एकाने वाचत व दुसऱ्याने मूळ छापील प्रत पाहत, ताडून घ्यावीत. मूळ फाइली फेकून देऊ नयेत.

त्यानंतर लिनक्स मिंट किंवा डेबियन या मुक्त कार्यप्रणालीचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करून हार्ड डिस्कला हात न लावता संगणक त्यावरून सुरू करावा आणि प्रिंटर, वायफाय, बारकोड स्कॅनर व देवनागरीचा इनस्क्रिप्ट कळफलक चालतो का, हे तपासावे. प्रत्यक्ष बसवण्याआधी सर्व माहितीचा बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. हिशेबाचे एखादे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवरच चालत असेल, तर तेवढ्यासाठी एक संगणक इंटरनेटपासून तोडून तसाच ठेवावा. चळवळीतल्या तत्त्वनिष्ठांना ही तडजोड रुचणार नाही, पण मार्चअखेरीस हिशेब अडला तर संचालक मंडळ सगळाच प्रयोग गुंडाळील.

ग्रंथालय व्यवस्थापनासाठी कोहा ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्त प्रणाली उत्तम आहे, मात्र सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती मिळेपर्यंत ड वर्गाच्या (शासकीय वर्गवारीतल्या सर्वांत लहान) वाचनालयाने लिबरऑफिसच्या कॅल्कमधल्या नीटस तक्त्यावरच भागवावे.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. मराठी मजकूर छापताना किंवा अकारविल्हे लावताना दोष आढळला, तर त्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या दोषनोंदणीत तो अवश्य कळवावा, कारण देवनागरीतल्या अशा अडचणी वापरणाऱ्यांनी सांगितल्याशिवाय परदेशी विकसकांच्या लक्षात येणे कठीण असते. नोंदीत आवृत्तीचा क्रमांक, फाँटचे नाव, दोष पुन्हा घडवण्याचा क्रम आणि अपेक्षित रूपाचे चित्र द्यावे. नमुना फाइल जोडण्यापूर्वी तिच्यातली सभासदांची नावे व दूरध्वनी क्रमांक काढून टाकावेत.