‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ पाहताना वारसाहक्काची वंशावळ कशी मांडावी

‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही मालिका २०२२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, तेव्हापासून ती नव्याने पाहणाऱ्यांना एकच सल्ला सर्रास दिला जातो: इंटरनेटवरून तिच्यातल्या टार्गेरियन राजघराण्याची तयार वंशावळ उतरवून घ्या आणि ती समोर ठेवून मालिका पाहा. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. तयार वंशावळीत कोण कधी मेले, कोणाचे लग्न कोणाशी झाले आणि शेवटी गादीवर कोण बसले हे सगळे आधीच छापलेले असते, त्यामुळे पाहण्यातली उत्कंठा संपते; आणि त्याहून वाईट म्हणजे भांडण नेमके कशावरून आहे हे त्यात कोठेच दिसत नाही. वंशावळ नात्यांची असते, झगडा मात्र हक्काचा आहे. म्हणून आपली वंशावळ आपणच, भाग पाहता पाहता मांडावी. ती कशी मांडावी हे पुढे सांगितले आहे. उदाहरणे पहिल्या पर्वाच्या दहा भागांतली आणि शेवटी थोडी दुसऱ्या पर्वातली आहेत, तेव्हा ज्यांनी काहीच पाहिलेले नाही त्यांनी हा लेख पहिल्या भागानंतर थोडा थोडा वाचावा.

मोठा कागद, शिसपेन्सिल आणि दोन रंगांची शाई एवढे साहित्य पुरे. आधीची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका पाहिलेली असण्याची गरज नाही, कारण ही कथा तिच्या पावणेदोनशे वर्षे आधीची आहे. मूळ पुस्तक आधी वाचण्याचीही गरज नाही.

पायरी पहिली: फक्त तीन पिढ्या घ्याव्यात

सर्वांत वर म्हातारा राजा जेहेरिस, त्याच्याखाली त्याचे दोन दिवंगत मुलगे एमॉन आणि बेलॉन, आणि त्यांच्याखाली नातवंडे. एमॉन थोरला, त्याची मुलगी रेनिस. बेलॉन धाकटा, त्याचे मुलगे व्हिसेरिस आणि डेमन. म्हणजे रेनिस थोरल्या पातीची आणि व्हिसेरिस धाकट्या पातीचा. ही दोन पाती कागदावर एकमेकींपासून लांब काढावीत, कारण पुढची सगळी गर्दी त्यांच्या मधल्या जागेत होणार आहे.

पायरी दुसरी: नावाखाली आईचे नाव लिहावे

रेनिस, रेनिरा, रेना, एमॉन, एमंड, डेमन, बेलॉन, बेला, लेना, लेनॉर: नावे अशी एकमेकांसारखी आहेत. एगॉन तर पहिल्या पर्वाच्या अखेरीस दोन होतात, एक व्हिसेरिस आणि त्याची दुसरी राणी अ‍ॅलिसेंट यांचा मुलगा आणि दुसरा व्हिसेरिसची मुलगी रेनिरा हिचा. त्यांना ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ म्हणून भागत नाही, कारण घाईत वाचताना कोण कोणापेक्षा थोरला हेच विसरायला होते. ‘अ‍ॅलिसेंटचा एगॉन’ आणि ‘रेनिराचा एगॉन’ असे लिहिले की गोंधळ होत नाही. चेहऱ्यावरून ओळखण्याचा हट्ट धरू नये. पाचव्या आणि सहाव्या भागांच्या मध्ये दहा वर्षे उलटतात, रेनिरा आणि अ‍ॅलिसेंट या दोघींच्या अभिनेत्री बदलतात, आणि लेना तर पहिल्या पर्वातच तीन जणींनी साकारली आहे. सातव्या आणि आठव्या भागांच्या मध्ये आणखी सहा वर्षे जातात. दरवेळी काळ पुढे सरकला की कागदावर आडवी रेघ मारावी.

पायरी तिसरी: हक्काचे दोन रकाने

खरी अवघड पायरी हीच आहे. ती मलाही फार जड गेली होती आणि बहुतेक मार्गदर्शक इथेच वाचकाला वाऱ्यावर सोडतात. ‘व्हिसेरिसने मुलीला वारस नेमले आणि सावत्र आईने मुलाला बसवले’ एवढे सांगून ते मोकळे होतात. असे सांगितले की एक बाजू सरळसरळ चोर ठरते आणि मालिकेतला पेच निघून जातो. पेच असा आहे की गादीचा वारस ठरवण्याच्या दोन वेगळ्या रीती एकाच वेळी चालू आहेत आणि राजाने त्यांपैकी एक रद्द केलेली नाही.

म्हणून वंशावळीच्या शेजारी दोन रकाने आखावेत. एकावर ‘रिवाज’ आणि दुसऱ्यावर ‘राजाचा शब्द’ असे लिहावे. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर, त्या दिवशी राजा गेला असता तर गादी कोणाकडे गेली असती, याचे उत्तर दोन्ही रकान्यांत लिहावे. आजचे उत्तर आजच लिहावे. पुढे काय झाले ते कळल्यावर मागचे उत्तर बदलू नये. हा नियम मोडला तर सगळी मेहनत वाया जाते.

पहिली नोंद जेहेरिसचा वारस निवडण्यासाठी हॅरनहॉल किल्ल्यात भरलेल्या महासभेची, जी पहिल्या भागाच्या अगदी आरंभी दिसते. कथेतले साल १०१. चौदा दावे ऐकले जातात, पण विचार दोघांचाच होतो: राजाची सर्वांत थोरली वंशज रेनिस आणि सर्वांत थोरला पुरुष वंशज व्हिसेरिस. सरदार व्हिसेरिसला निवडतात. इथे दोन्ही रकान्यांत एकच नाव येते, म्हणून ही नोंद सोपी वाटते आणि लोक ती घाईने ओलांडतात. ती ओलांडू नये. मुलगी थोरल्या पातीची असली तरी धाकट्या पातीचा मुलगा तिच्या पुढे जातो, हा दाखला इथे पडला. आणि व्हिसेरिस ज्या गादीवर बसला आहे ती त्याला याच दाखल्याने मिळाली आहे. पुढे तो जे काही करतो ते या दाखल्याच्या विरुद्ध जाते, ही गोष्ट डोळ्यांसमोरून हलू देऊ नये.

दुसरी नोंद पहिल्या भागाच्या मध्यावर येते. आता राजा असलेल्या व्हिसेरिसची राणी एमा बाळंतपणात दगावते, नवजात मुलगा बेलॉनही एका दिवसात जातो. आता रिवाजाच्या रकान्यात राजाचा भाऊ डेमन येतो. राजाच्या शब्दाच्या रकान्यात, भागाच्या शेवटी, रेनिरा येते, आणि सरदार तिच्यापुढे शपथ घेतात. इथे दोन रकाने पहिल्यांदा फुटतात. याच ठिकाणी समासात एक टीप लिहून ठेवावी: राजाचा प्रमुख मंत्री ओटो हायटॉवर याला डेमन गादीवर नको होता. रेनिराला पुढे आणण्यात ज्याचा फायदा होता तोच माणूस पुढे तिच्या विरुद्ध उभा राहतो, कारण मधल्या काळात त्याची मुलगी अ‍ॅलिसेंट राणी झालेली असते आणि गादीच्या रांगेत त्याचा स्वतःचा नातू आलेला असतो.

तिसरी नोंद अ‍ॅलिसेंटच्या एगॉनच्या जन्माची. रिवाजाच्या रकान्यातून डेमन खोडावा आणि एगॉन लिहावा. दुसऱ्या रकान्यात काहीही बदलू नये. व्हिसेरिसच्या मरणापर्यंत, म्हणजे मालिकेतली सुमारे वीस वर्षे, त्या रकान्यात रेनिराचेच नाव राहते. अनेक जण इथे लिहितात की राजाने कायदा बदलून मुलीला हक्क दिला. तसे मालिकेत कोठेही दिसत नाही. त्याने सरदारांकडून शपथ घेतली, एवढेच. थोरले अपत्य मुलगी असो वा मुलगा, गादी त्याचीच, असा नियम त्याने केला असता तर रिवाजाचा रकानाच बदलला असता आणि ओटोला बोलायला जागा उरली नसती. मुलगा झाल्यावर सरदारांना पुन्हा बोलावून शपथ ताजी करून घेतल्याचेही दिसत नाही.

शपथेची नोंद करताना घराण्याचे नाव लिहून भागत नाही, शपथ घेणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. याचे कारण दहाव्या भागात कळते. रेनिराचा मुलगा ल्युसेरिस स्टॉर्म्स एंड या किल्ल्यात सरदार बोरोस बॅराथियनकडे जातो तेव्हा तो त्याला बोरोसच्या वडिलांच्या शपथेची आठवण द्यायला गेलेला असतो. बोरोसला स्वतःला बांधील वाटत नाही आणि बदल्यात काय मिळणार हे तो विचारतो. वीस वर्षांत शपथ घेणारी पिढी बरीचशी संपलेली असते, आणि ज्या कागदावर नुसते ‘बॅराथियन: रेनिराच्या बाजूने’ असे लिहिलेले असते तो कागद इथे फसवतो.

राहिले आठव्या भागातले शेवटचे शब्द. मरणपंथाला लागलेला व्हिसेरिस समोर रेनिरा आहे असे समजून, घराण्याचा पहिला राजा एगॉन विजेता याला पडलेल्या स्वप्नाबद्दल पुटपुटतो. ऐकणारी असते अ‍ॅलिसेंट, आणि ती ‘एगॉन’ म्हणजे आपला मुलगा असे समजते. हे शब्द राजाच्या शब्दाच्या रकान्यात लिहावेत का? माझे ठाम मत आहे की लिहू नयेत. ते पेन्सिलीने समासात लिहावेत, त्यापुढे ‘ऐकणारी एकच’ अशी खूण करावी, आणि लगेच नववा भाग लक्ष देऊन पाहावा. त्या भागात स्पष्ट होते की दरबारातल्या काही जणांनी एगॉनला बसवण्याची तयारी अ‍ॅलिसेंटला न सांगता आधीच करून ठेवली होती, आणि त्याला विरोध करणारा म्हातारा मंत्री बीसबरी बैठकीच्या टेबलावरच मारला जातो. सगळे युद्ध एका गैरसमजातून झाले असे जे सांगतात, त्यांनी हा प्रसंग नीट पाहिलेला नसतो.

ही पायरी फारच अवघड वाटली तर आधी इंग्लंडच्या इतिहासातल्या एका लहान झगड्यावर हात बसवून घ्यावा. मूळ लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी तोच या कथेचा आधार असल्याचे सांगितले आहे. राजा पहिला हेन्री याचा मुलगा विल्यम ११२० मध्ये जहाज बुडून गेला. हेन्रीने सरदारांकडून आपली मुलगी मटिल्डा हिच्यासाठी शपथ घेतली, आणि शपथ घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफनही होता. १ डिसेंबर ११३५ ला हेन्री वारला. महिना उलटायच्या आत स्टीफनने मुकुट चढवून घेतला, आणि राजाने मरताना सरदारांना शपथेतून मोकळे केले असे सांगणारा एक सरदारही पुढे आला. हा झगडा ११५३ च्या तहापर्यंत चालला, आणि पुढच्या वर्षी गादी मटिल्डाच्या मुलाला मिळाली. पाच-सहा नावांत दोन्ही रकाने, शपथ आणि शेवटचे शब्द असे सगळे येते, त्यामुळे सरावाला यापेक्षा चांगला नमुना नाही.

पायरी चौथी: औरस आणि रक्ताचे, दोन रेघा

रेनिराचे पहिले तीन मुलगे जॅकेरिस, ल्युसेरिस आणि जॉफ्री कायद्याने तिचा नवरा लेनॉर व्हेलॅरियन याचे आहेत, रक्ताने हार्विन स्ट्राँगचे. मालिकेत हे कोणी सांगण्याआधीच दिसते: आईचे केस रुपेरी, लेनॉरचे रुपेरी, मुलांचे मात्र काळसर तपकिरी. लेनॉरकडे जाणारी रेघ सलग काढावी आणि हार्विनकडे जाणारी तुटक. तुटक रेघेवरून हक्क ठरवू नये, कारण लेनॉरने त्यांना आपले म्हटले आहे आणि राजाने नातू म्हटले आहे. पण ती रेघ गाळूही नये, कारण विरोधकांचे सगळे बोलणे तिच्यावरच उभे आहे.

ड्रिफ्टमार्क, म्हणजे व्हेलॅरियन घराण्याचे बेट, त्याच्या गादीसाठी वेगळा लहान कागद घ्यावा. आठव्या भागातला दरबाराचा प्रसंग त्या कागदाशिवाय अर्धाच कळतो. रेनिसचा नवरा आणि लेनॉर व लेना यांचा बाप कॉर्लिस हा तिथला सरदार; त्याचा भाऊ व्हेमंड त्या गादीवरच्या ल्युसेरिसच्या हक्काला आव्हान देतो. अर्धा चेहरा सोनेरी मुखवट्याखाली झाकलेला व्हिसेरिस काठी टेकत दरबारभर चालत येतो, पायऱ्यांवर त्याचा मुकुट पडतो, आणि तो उचलून डोक्यावर ठेवणारा डेमन असतो, एके काळी रिवाजाच्या रकान्यातला वारस. मग रेनिस एक गोष्ट जाहीर करते: जॅकेरिसचे लग्न बेलाशी आणि ल्युसेरिसचे रेनाशी ठरले आहे. कागदावर पाहिले की याचा अर्थ लगेच उमगतो. बेला आणि रेना या लेनाच्या मुली, म्हणजे कॉर्लिसच्या रक्ताच्या नाती. मुलग्यांच्या तुटक रेघेमुळे ड्रिफ्टमार्कच्या गादीवरून जे रक्त निसटणार होते ते या लग्नांनी पुढच्या पिढीत परत येते, आणि व्हेमंडच्या हाती उरलेला एकमेव मुद्दा निकामी होतो. तो त्यानंतर जे बोलतो आणि त्याचे जे होते, ते या हतबलतेतून.

पायरी पाचवी: हिरवा आणि काळा रंग

नवव्या भागाआधी कोणालाही रंग देऊ नये. त्यानंतर एगॉनच्या बाजूला हिरवा, रेनिराच्या बाजूला काळा. ड्रॅगनांची यादी वेगळ्या कागदावर ठेवावी. ड्रॅगन असल्याने माणूस बलवान होतो, वारस होत नाही.

पायरी सहावी: दुसऱ्या पर्वात रांग पुढे सरकवावी

राज्याभिषेक दोन झाल्यावर जुने दोन रकाने बंद करावेत आणि प्रत्येक बाजूची स्वतंत्र रांग लिहावी. रेनिराच्या रांगेत जॅकेरिस पहिला. ल्युसेरिस दहाव्या भागात गेल्यामुळे त्याच्यानंतर जॉफ्री. एगॉनच्या रांगेत त्याचा लहान मुलगा जेहेरिस पहिला असतो, आणि दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात त्याची हत्या झाल्यावर एमंड पुढे येतो. त्याच पर्वाच्या चौथ्या भागात एगॉन भाजून अंथरुणाला खिळतो आणि पाचव्यात एमंडकडे कारभार येतो. इथे पुष्कळ जण एगॉनचे नाव खोडून एमंडचे लिहितात, ते चुकीचे आहे. एमंड राजाच्या वतीने कारभार पाहणारा आहे, राजा नाही. एगॉन जिवंत आहे तोवर त्याचे नाव वरच राहू द्यावे आणि एमंडच्या नावापुढे फक्त ‘कारभारी’ लिहावे. ह्यू, उल्फ आणि अ‍ॅडम हे सातव्या भागापर्यंत ड्रॅगनस्वार झालेले तिघे कोणत्याही रांगेत घालू नयेत. अ‍ॅडम हा कॉर्लिसचा अनौरस मुलगा असल्याने त्याला आणि त्याचा भाऊ अ‍ॅलिन याला ड्रिफ्टमार्कच्या लहान कागदावर तुटक रेघेने जोडावे, आणि त्या कागदावर खाली बरीच मोकळी जागा ठेवावी.